कोपर

जादा कोपर, नग दोन. कारण लिहा.
खाली ला पासच्या कचेरीतून आलेल्या तक्त्यात
कारणाचा रकाना बोटभर रुंद.

पहिल्यांदा गेले तेव्हा नकाशा गुंडाळून नेला होता,
आकाशातून काढलेल्या छायाचित्रावर
निळी रेघ, पट्टी लावून, सरळ.
एल आल्तोच्या अगदी वरच्या टोकाला,
जिथे गल्ल्यांना नावं नाहीत, नुसते आकडे,
शाळेच्या फळ्यावर तो टाचला
आणि म्हटलं, काही शंका?

कुणी बोललं नाही.
बायका विणत होत्या, सुया तेवढ्या बोलत होत्या.
मग निएवेस लारूता उठली, पाठीवरच्या पोरासकट,
नकाशाची वरची बाजू कुठली ते विचारून घेतलं,
म्हणाली, ही भिंत तुमच्या कागदावर नाही, बाई.
हिच्या सावलीत जूनमध्ये दुपारपर्यंत बर्फ असतो.
वीतभर खोल नळी घातलीत
तर सकाळी तोटीतून काचेची कांडी निघेल.

फळा म्हाताऱ्यांना उंच पडत होता.
नकाशा जमिनीवर आला.
घर म्हणून एकेक काळा सुकवलेला बटाटा,
नळी म्हणून कुणीतरी विणकाम उसवून दिलेली लोकर.
लोकर पट्टीचं ऐकत नाही.
टँकर कुठल्या वळणावरून परत फिरतो,
कुणाचं पिंप आधी तळाला जातं,
पांढऱ्या डोंगराचा पांढरा किती खाली यायचा पूर्वी,
सगळं त्या जमिनीवर.
माझी निळी रेघ फळ्यावर एकटीच.

रस्त्यातून नेली नळी, तर खर्च दुप्पट.
परसातून नेली, तर शेजाऱ्याला विचारावं लागतं.
पहिला हिशेब मला येत होता.

तिबुर्सिओ चोके आणि सातुर्निना
अकरा वर्षं बोलत नव्हते.
एका मेंढ्यावरून.
(मेंढा केव्हाच मेला.)
नळी जायची सातुर्निनाच्या परसातून,
कोंबड्यांच्या खुराड्याशेजारून.
ती म्हणाली, तिथे खणायचं नाही.
मी समजावलं: उतार, दाब, पैसे.
तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली,
तिथे माझ्या चौघांची वार पुरलीय.
दोघं साव पावलोत शिवणयंत्रावर वाकलेत,
एक खाणीत गेला, एक कुठे ते माहीत नाही.
त्यांचं इथे आहे ते तेवढंच.

सुया थांबल्या.
तिबुर्सिओनं टोपी काढली, परत घातली,
आणि बटाट्यांकडे बघत म्हणाला,
माझ्याकडून वळवा मग.
तिच्याकडे त्यानं पाहिलं नाही.
तिनंही नाही. अजूनही नाही.

वळण म्हणजे दोन कोपर.
आणि कोपरात दाब थोडा मरतो,
त्याचा गुणक पुस्तकात आहे, मी तिथेच मांडला:
वळणापुढच्या सतरा घरांत
बादली भरायला थोडा जास्त वेळ लागेल.
किती? निएवेसनं विचारलं.
एक जांभई, मी म्हटलं. फार तर दीड.
मग तिनं त्या सतरा घरांना विचारलं,
एकेकाचं नाव घेऊन.
घरटी चार मीटर चर ठरली होती,
कुदळी दाराशी टेकलेल्या होत्या,
बाहेर वारा पत्रे वाजवत होता,
आणि गारठा असा, की शालीतून
कुणी हात पुरता वर काढला नाही.
कोपरापर्यंतच.

सतरा मोजले मी.
सोळा खरं तर. एक आजीबाई झोपली होती,
तिचा हात नातवानं धरून वर केला.

रकान्यात चार शब्द मावतात.
दोन दिवस पेन घेऊन बसलेय.