पंधरा किलो

पेलेटची पोती खाली, गोठ्यात. गाय जाऊन वीस वर्षं झाली,
कार्नियाच्या त्या घरात गोठ्याला अजून गोठाच म्हणतात.
एक पोतं पंधरा किलोचं.
ओंदीनाच्याने ते आता उचलवत नाही,
म्हणून दुधाच्या जुन्या किटलीतून
थोडं थोडं वर आणते. चौदा पायऱ्या.
सातवीवर टेकते. कठड्याला सांगते,
दमले नाही, डोंगर बघतेय.

शेजारचा देनिस म्हणतो, मी आणून देतो की.
"तुझी आई हाक मारतेय," म्हणते ती.

स्टोव्हचं झाकण उघडलं. आत उरलेल्या दाण्यांचा खळगा.
किटली तिरकी केली की
कोंबड्यांना मका टाकल्यासारखा आवाज,
मग बारीक धूळ, नाकात देवदार,
आणि दारात तुल्लिओ:
लाकडाच्या गिरणीतून थेट आलेला,
भुवयांत भुसा, पँटच्या दुमडीत भुसा,
डाव्या हाताची दोन बोटं कमी.
"बाहेर झटक आधी!"
एकतीस वर्षं ओरडली ती.
रोज संध्याकाळी उंबऱ्यापलीकडे लोटला
तो सगळा भुसा, वाऱ्यावर.

आता तोच, दाबून, दाणे पाडून,
वर हिरवं झाड छापून,
साडेपाच युरोला परत येतो.

झाकण लावलं. आत मळसूत्र कुरकुरलं.
एक दाणा पडला. दुसरा.
मग बराच वेळ काहीच नाही.
मग काचेमागे पिवळं काहीतरी उठून बसलं.

बाहीवर भुकटी राहिलीय.
झटकायला ती दारापर्यंत जाते,
कडीला हात लावते,
बाहेर केवढं बर्फ,
तशीच परत येते.