कचरागाडीवरची बाई

कचरागाडीवरचा आवाज माझा आहे.
रामबागेत मी कुणाला सांगितलं नव्हतं,
तरी सगळ्यांना ठाऊक होतं.
आकाशवाणीतून निवृत्त झाले, त्याच्या तिसऱ्या वर्षी
महापालिकेचा फोन आला :
दोनच पानं आहेत, ताई, वाचून द्या.

बंद शाळेच्या संगीताच्या खोलीत
भिंतींना गाद्या टेकवून, पंखा बंद करून वाचलं.
'घबराइए मत.' चार वेळा.
पहिलं फारच घाबरलेलं निघालं,
दुसरं दटावल्यासारखं.
दुबेसाहेब काचेपलीकडून म्हणाले,
जरा हसून म्हणा, नातवाला सांगता तसं.
मला नातू नाही. तरी हसले.
चौथं पास झालं.

पुढची ओळ : खाटा पुरेशा आहेत.
मी विचारलं, किती?
ते म्हणाले, पुरेशा.

आठवड्याने हेरंबला ताप चढला.
एकवीस फोन केले मी रात्रभर.
एकाने उचलला
आणि नुसता श्वास घेत राहिला.
सकाळी सातला गाडी गल्लीत वळली,
आधी ओला कचरा, सुका कचरा,
मग मी.
घबराइए मत, मी मला म्हणाले,
हसून.
हेरंब उशीवरून पुटपुटला,
बाई छान बोलते गं.
हिलाच विचार ना, खाट कुठेय ते.

समोरच्या टोकेकरांनी गॅलरीतून हाक मारली.
भांडले नाहीत. एवढंच म्हणाले :
तुमचा आवाज म्हणून दोन दिवस थांबलो आम्ही.
मागे दोरीवर वहिनींचा गाऊन होता,
कधीचा वाळलेला.

हेरंब वाचला. कसा, ते मला सांगता येणार नाही.

जूनमध्ये पुन्हा बोलावलं, नवं पान होतं.
मी घरून एक ओळ लिहून नेली,
मराठीतच सुचली, हिंदी करायची राहिली :
आम्हाला अजून पुरतं कळलेलं नाही.
जेवढं कळेल तेवढं रोज सकाळी सांगू.

दुबेसाहेबांनी ती दोनदा वाचली.
त्यांच्या मनगटावर सुईचा डाग अजून हिरवा होता.
म्हणाले, बरोबर आहे, ताई.
पण याच्यावर सही कोण करणार?

मग दाराकडे बघून, मशीन बंद करून म्हणाले,
एकदा वाचून तर दाखवा.

वाचली.
पहिल्याच वेळी नीट आली.