पहारा

साडेचार हजार मीटरवर माझी खोली,
एक रेडिओ, एक भोंगा.
खाली युराकमार्का, झोपलेलं.

गेल्या मे महिन्यात हिमनदी कडाडली,
मी भोंगा वाजवला.
सरोवर जागचं हललं नाही.
पळताना दामियाना मात्र ओढ्यात घसरली;
तिच्या गाठोड्यातले बटाटे
दुपारपर्यंत सापडत होते.

तिचा नवरा काहीच बोलला नाही.
दर रविवारी माझा शिधा तोच चढवतो,
त्यात बटाटे नसतात.

आज पुन्हा तोच आवाज.
पट्टीवर पाणी चार बोटं वर.
चार बोटं म्हणजे किती माणसं?

कळलं नसतं, तर झोपलो असतो.
आता झोपलो,
तरी ते माझ्याच हातून.

बटणावर अंगठा टेकवलाय.
ओढ्यापाशी तेवढं
चांदणं असू दे.