लपलेली वही

क्लाक्सविकच्या बंदरात मासळीच्या काट्याशेजारी
मार्यूनबाई एकतीस वर्षं बसल्या.
आता लेकीकडे असतात, पलीकडच्या बेटावर,
आणि त्यांचा संगणक माझ्याकडे आला,
कळफलकाच्या फटींत मीठ नि बिस्किटाचा चुरा घेऊन.

कुठलीही फाइल उघडा,
तिच्यामागून आणखी एक उघडते, न दिसणारी.
'दाखवा' म्हटलं. रकाने सगळे कोरे.
जे होतं ते मॅक्रोंत,
प्रत्येकाच्या डोक्यावर त्यांच्या हातची टीप:

*बर्फ वजा.* योग्वान बर्फासकट तोलतो. बारा टक्के. त्याला सांगू नये.
*शुक्रवार.* बेरीज दोनदा. शुक्रवारी माझं लक्ष नसतं.
*हानुस.* या नावाची ओळ आली तर राखाडी करणे, पुसणे नाही.

हानुसची होडी कुठल्याच नोंदीत येत नाही,
मी इथे आलो त्याच्या कितीतरी आधीपासून.

मी सगळं नीटनेटकं केलं. प्रत काढून ठेवली,
नावं बदलली, बारा टक्क्यांचे दहा केले:
म्हातारा झालाय योग्वान, फावडं कुठे उचलतोय!
हानुसला हात लावला नाही.

तिसऱ्या प्रहरी खिडकीवर टकटक.
योग्वान, हातात पावती, मिशीला पाणी.
"पोरा, आज जास्त दिलेस.
बाई बारा कापायची."

तो गेल्यावर काटा वाऱ्याने बराच वेळ हलत होता.
बंद करताना यंत्राने विचारलं,
वैयक्तिक वहीतले बदल जतन करायचे का?
मी कोट अर्धा चढवलेला,
एक बाही लोंबत,
'नाही' दाबलं.