आठ ग्रह आणि राही

हापसा म्हणजे सूर्य.
भोवती फक्कीच्या रेघा, मीच आखलेल्या, वाकड्या.
बुध झालेली रुक्साना पळून पळून दमली.
गेणूला शनीच व्हायचं होतं,
सायकलचा टायर कमरेशी धरून.
नेपच्यून पार कुंपणाबाहेर, तुरीत;
तिथून ओरडतो, "बाई, काहीच ऐकू येईना!"

आठ भरले. राही उरली.
दिवाळी झाली की ही आईबापासंगं कारखान्याला,
धारूरचा घाट उतरून.
येते पाडव्याला, केसांत पाचटाची कुसळं.

"मी कोण, बाई?"
"धूमकेतू. लई लांब जातो. येतो परत."

तिनं एका वेणीची रिबीन सोडली, शेपटीसारखी,
सगळ्यांच्या रेघा तुडवत पळाली,
हापशापाशी थांबली, पाणी प्याली.
"मधी त्याचं नाव कापत नाहीत ना,
पटावरून?"