लोणच्याच्या बरणीचं तोंड

मी कूलरवाला माणूस.
फायबरच्या टाक्या, अडकलेले पंखे, वाळ्याच्या ताट्या,
अर्जुनी ते साकोली, मार्च ते जून.
नावेशी माझा काय संबंध?
पण देवांगना वलथरे दुकानाच्या पायरीवर बसून राहिली
आणि म्हणाली, "फायबर ते फायबरच ना जी?"

पाटबंधारेच्या लिलावात
त्यांच्या मच्छिमार सोसायटीनं घेतलेली नाव,
एकेकाळी शिडाची.
साहेबांची पोरं रविवारी फिरवायची म्हणे.
शीड उंदरांनी खाल्लं,
डोलकाठीवर आता सरपंचाच्या घरची टीव्हीची छत्री.
उरलं हे पांढरं, सुस्त धूड
तलावाच्या पाळीवर, मोहाखाली.
आधी चार जण उचलायचे,
आता नऊ लागतात.

मी बोटाच्या पेरानं वाजवत गेलो
टरबूज घेताना वाजवतात तसं.
पुढे टण. मधे टण.
मागे ढप्.

तळ दुहेरी, दोन्ही थर कडेनं शिवलेले,
बनवणाऱ्याला वाटलं असेल
बंद आहे ते कोरडं राहील.
केसाएवढ्या चिरेतून तीस वर्षं
थेंब आत जात राहिला
आणि निघायची वाट कुणी ठेवलीच नव्हती.

"भोक पाडावं लागते," मी म्हणालो. "दोन."
तिचा सासरा तुकडू जाळं विणता विणता थांबला.
"नावेले भोक?
आमच्या सात पिढ्या भोकं बुजवण्यात गेल्या, बापू."

वैशाखात दुपारी रेझिन वाटीतच दगड होतं,
म्हणून पहाटे चारला,
हार्डनर थेंब मोजून.
करवत फिरली, पांढरी धूळ उडाली,
भाकरीएवढी चकती हातात आली
आणि तिच्यामागून वास,
कूलरच्या तळच्या पाण्याचा
पण कितीतरी म्हातारा.

मोबाइलचा उजेड आत सोडला.
लाकडी ठोकळ्यावर पेन्सिलीनं सही,
तारीख पुसलेली,
आणि शेजारी, ठळक: ओके.

सगळ्यात खालची जागा कुठली?
देवांगनाच्या पोराची गोटी आत टाकली.
गडगडली, पाण्यात डुबली,
ठोकळ्याच्या पलीकडे कुठेतरी टक् करून थांबली.
तिथेच बाहेरून ड्रिल लावलं.
सतरा बादल्या. देवांगना मोजत होती,
अठरावी अर्धी.
गोटी आली नाही.

झाकण नागपूरहून मागवायचं तर आठवडा.
ती घरात गेली,
पाच किलोच्या बरणीतलं लिंबाचं लोणचं
मडक्यात उलटं केलं
आणि बरणी माझ्यापुढे ठेवली.
मी तिची मान कापली, आटे शाबूत ठेवून.
असलं प्लास्टिक नुसतं चिकटत नाही,
आठ स्क्रू, रबराची चकती, सिलिकॉन.
वरून लाल झाकण.
खाली कूलरचा पितळी निपल, त्याला गुडदी.

चार जणांनी उचलली.

पहिल्याच दिवशी पोरगं गुडदी लावायला विसरलं.
वाट ठेवली की ती दोन्हीकडून चालते,
हे मी सांगायला हवं होतं.
शिंगाड्याच्या वेलापर्यंत गेली
आणि म्हशीसारखी बसली.
तुकडू हसता हसता खोकला, खोकता खोकता हसला,
मग जाळ्याच्या दोरीनं त्यानं
गुडदी वल्ह्याला बांधून टाकली.
वल्हं हवं तर आधी ती सोडवा.

मजुरी दोनशे रुपये आणि दीड किलोची मरळ.
कोपराच्या आत फायबरची खाज तीन दिवस.

परवा त्या बाजूला कूलर द्यायला गेलो होतो.
दिवस कलताना देवांगना नावेत ओणवी,
लाल झाकण उघडून खांद्यापर्यंत हात आत.
बाहेर काढला. कोरडा.
तरी लुगड्याला पुसला.

"लोणच्याचा वास जात नाही जी," ती म्हणाली,
आणि नाव पाण्यात ढकलली.
आत, दूर कुठेतरी,
गोटी या कडेची त्या कडेला गेली.