डावा पाय

डोंगरापलीकडच्या क्लबात चार वर्षं होतो.
सोडताना त्यांनी ओळखपत्र घेतलं, सिमकार्ड घेतलं,
पार्किंगचा बिल्लासुद्धा आठवणीनं मागून घेतला.
पासवर्ड घ्यायचा राहिला.

फुजैराला आल्यावर हे मी सहज बोलून गेलो,
कागदी कपातला चहा फुंकत.
हुमैदसाहेब हसले नाहीत.
उठून त्यांनी दार लोटलं.

तेव्हापासून रात्री अकरानंतर मी परत जातो,
डोंगर न ओलांडता.
खिडकीबाहेर नांगरलेली तेलाची जहाजं,
पाण्यावर गाव वसल्यासारखे त्यांचे दिवे,
आणि पडद्यावर दुसऱ्याचं कपाट उघडं:
कुणाचा गुडघा कितव्या दिवशी सुजतो,
कोण हरल्यावर जेवत नाही,
कुणाचा मामा एजंट आणि तो किती मागतो,
कुणाचं खरं वय काय.
एका एकोणीस वर्षांच्या पोरापुढे एवढंच:
आईला रोज फोन करू देणे.

मी उतरवून घेतो. चोरी म्हणावी
तर तिथलं काहीच कमी होत नाही.

आमच्या कोल्हापुरात हे उजेडी चालायचं.
समोरच्या तालमीचा सराव बघायला
आम्ही पोरं भिंतीवर, शेंगा खात,
आणि ते खालून दगड भिरकवायचे.
दगड लागला की कळायचं,
आपण बघितलं ते बघण्यासारखं होतं.
इथे कुणी दगड मारत नाही.

असं वाटायचं. मार्चमध्ये नवी फाईल दिसली.

लामिन बाद्जी. वय सतरा. झिगिंशोर, सेनेगल.
डावा पाय. उजवा फक्त उभं राहायला.
पेनल्टीआधी मोजा दोनदा वर ओढतो,
मग गोलकीपरकडे नाही, आभाळाकडे बघतो.
चिखलात जास्त चांगला.
हरला की चेंडू घरी घेऊन जातो.

मी खुर्ची मागे सरकवली.
हा तर आमचा सुधाकर.

सामेहला मीच सांगितलं होतं, तिकडे असताना,
रमजानच्या एका रात्री गच्चीवर:
शाहू स्टेडियम, सेमीफायनल,
आणि पंचांनी दोन दिवस शोधलेला तो चेंडू,
जो आमच्या माळ्यावर गोवऱ्यांमागे होता.
मन्सूराचा सामेह. ऐकता ऐकता
त्याची सिगारेट बोटांत विझून जायची.
त्यानं हा गळ माझ्या मापाचा केला होता.
दगडच होता तो. नेमका कपाळावर.

तिथेच थांबायचं होतं.
साहेबांना सांगायचं होतं, असा मुलगा नाही.
मी रकाने भरले. वेग नऊ. नजर नऊ.
शिफारस: ताबडतोब.

का, ते चौकशीत तीनदा विचारलं.
इंग्रजीत सांगता येईना, अरबीत तर नाहीच.

सुधाकरला बघायला कधी कुणी आलं नाही.
एकदा पुण्याहून एक माणूस येणार होता,
नेमका त्या दिवशी सामनाच रद्द झाला.
आता तो गडहिंग्लजपर्यंत दुधाचा टँकर चालवतो,
डावा पाय क्लचवर.

पण एप्रिलात आमच्या क्लबचा पगारी माणूस
विमानानं गेला, आणि भर उन्हात
मैदानामागून मैदान पालथं घालत
पोरांना विचारत हिंडला:
मोजा दोनदा ओढणारा कुणी आहे का रे?
अकरा दिवस. मग तापानं फणफणून परतला.

अकरा दिवस त्याला कुणीतरी शोधत होतं.

वकिलांचं पत्र यायच्या आदल्या रात्री
शेवटचं म्हणून आत गेलो.
फाईल होती तशीच. खाली एक ओळ वाढलेली:
चेंडू परत केला का त्यानं?

इतक्या महिन्यांत तिथून मी नेतच आलो होतो.
त्या रात्री पहिल्यांदा काही ठेवलं:
नाही. अजून माळ्यावर आहे.

तेवढाच कागद छापून
पुरावा म्हणून त्यांनी जोडलाय.